नवा व्हीआर हेडसेट येतोय? ऑर्डर करण्याआधी घर मोजा

नोव्हेंबर २०२५ मध्ये वाल्व्ह कंपनीने स्टीम फ्रेम हा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आजूबाजूला आभासी जग दाखवणारं उपकरण, जाहीर केला, तेव्हापासून ओळखीतल्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मला फोन येतायत. पिक्सेल किती, चिप कुठली, कितीला पडेल, कधी मिळेल. हॉलमध्ये तो वापरता येईल का, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. मुंबईत खरा प्रश्न तोच आहे. हेडसेट कुठल्याही कंपनीचा असो, तो चालणार तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांवर आणि तुमच्या पोटाच्या भरवशावर. या तिन्ही गोष्टी तो बाजारात यायच्या आधीच आणि जवळजवळ फुकटात तपासता येतात. ज्यांनी आजवर व्हीआर डोळ्याला लावलेलाच नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: हॉल मोजा, मग वर बघा

उभं राहून खेळायचं तर साधारण २ मीटर बाय २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. शिवणाची टेप घ्या. टीपॉय भिंतीला लावा, सोफा-कम-बेड बंद करा, वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड बाल्कनीत ठेवा आणि उरलेली जागा मोजा. चारी कोपऱ्यांवर मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवा. मग मधोमध उभं राहून डोळे मिटा, दोन्ही हात पसरा आणि सावकाश एक गिरकी घ्या. हाताला जे लागेल ते हेडसेट घातल्यावर जोरात लागणार आहे, कारण तेव्हा तुम्ही सावकाश फिरत नसता.

आमच्याकडे हे मोजमाप आधी केलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात भाच्याने गेममध्ये समोरून येणारा ठोकळा कापायला हात फिरवला आणि हातात धरायचा कंट्रोलर शोकेसच्या काचेवर बसला. तो ओरडला, "मावशी, मी तर जागेवरच होतो!" आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. डोळे झाकलेले असताना माणूस थोडा थोडा सरकत जातो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. त्यासाठी एक साधा उपाय आहे. उभं राहायच्या जागी एक छोटी सतरंजी किंवा पायपुसणं टाका आणि अनवाणी खेळा. तळव्याला थंड फरशी लागली की आपण बाहेर आलो, हे लगेच समजतं.

आता वर बघा. पंखा. आपल्या घरांतला सगळ्यात मोठा धोका हाच आणि बाहेरच्या देशांत लिहिलेल्या सूचनांमध्ये त्याचा फारसा विचार नसतो. माझी उंची पाच फूट चार इंच. हात सरळ वर केला की बोटं पावणेसात फुटांपर्यंत जातात. उंच मुलगा असेल तर साडेसात फूट. त्यात हातातला कंट्रोलर आणि एक उडी मिळवा, म्हणजे पाती दूर राहत नाहीत. हेडसेट आपल्या कॅमेऱ्यांनी खोली बघून जमिनीवर एक सीमारेषा आखून देतो आणि तुम्ही तिच्याजवळ गेलात की डोळ्यांसमोर जाळीसारखी भिंत दाखवतो. पण डोक्यावरच्या पंख्यापासून ती भिंत तुम्हाला वाचवत नाही. म्हणून उभ्याने खेळताना छताचा पंखा बंद आणि समोर टेबल फॅन चालू, असा नियमच करून टाका. टेबल फॅनचा आणखी एक मोठा फायदा आहे, तो तिसऱ्या पायरीत सांगते.

मोजल्यावर जागा चार फूटच निघाली तर? तर बसून वापरा. हाताच्या दांड्या नसलेली फिरती खुर्ची आणि तिच्याभोवती दोन्ही हात पसरता येतील एवढी जागा पुरते. विमान चालवणं, गाडीच्या शर्यती, सिनेमा पाहणं, चित्र काढणं, परदेशातल्या बहिणीबरोबर एका खोलीत बसल्यासारख्या गप्पा मारणं, हे सगळं बसूनच छान होतं. वन बीएचकेमधल्या माणसाने व्हीआरचा नाद सोडावा, असं मला मुळीच वाटत नाही. फक्त कुठले गेम घ्यायचे ते जागा बघून ठरवा. प्रत्येक गेमच्या माहितीत तो बसून, उभ्याने की खोलीभर फिरून खेळायचा ते लिहिलेलं असतं. आधी ती ओळ वाचायची, मग पैसे भरायचे.

पायरी २: दोन बुबुळांमधलं अंतर माहीत करून घ्या

हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर वेगळं भिंग असतं. भिंगाचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर चित्र धूसर दिसतं, डोळे ओढल्यासारखे होतात, कपाळ दुखतं आणि माणूस म्हणतो, व्हीआर आपल्याला झेपत नाही. बहुतेक प्रौढांमध्ये हे अंतर ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं, सरासरी ६३ च्या आसपास. तुमचं किती ते चष्म्याच्या दुकानात विचारा. चष्मा बनवताना ते मोजतातच आणि त्याला पीडी म्हणतात. पुढच्या वेळी नंबरच्या कागदावर ते लिहून मागा.

आता हा आकडा घेऊन हेडसेटच्या माहितीपत्रकाकडे जा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये भिंगं फक्त तीन जागी सरकायची: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. ज्यांचं अंतर ७२ होतं त्यांची ओढाताण व्हायची. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून हवं तिथे थांबता येतं. नव्या कुठल्याही हेडसेटबद्दल वाचताना पिक्सेलच्या आकड्याआधी ही ओळ शोधा. तुमचा आकडा त्या पट्ट्यात बसत नसेल तर बाकी गुणांचा तुम्हाला उपयोग नाही.

चष्मा असेल तर फ्रेमची रुंदीही मोजा. रुंद, जाड फ्रेम आत शिरताना अडकते आणि चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासते. तो ओरखडा कायमचा. रोज वापरायचा इरादा असेल तर नंबराची वेगळी भिंगं बनवून हेडसेटमध्ये बसवता येतात. नाहीतर एक लहान गोल फ्रेमचा जुना चष्मा याच कामासाठी बाजूला ठेवा.

पायरी ३: गाडी लागते का?

खंडाळ्याच्या घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी हा भाग नीट वाचावा. बसमध्ये मोबाइल वाचताना मळमळतं, कारण कान शरीराला सांगतो की आपण हलतोय आणि डोळा सांगतो की आपण स्थिर आहोत. व्हीआरमध्ये बरोबर उलटं होतं. डोळ्यांना वाटतं आपण धावतोय आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच हालचाल लागत नाही. दोघांचं जुळलं नाही की पोट बोलायला लागतं.

पूर्वीच्या आणि स्वस्तातल्या उपकरणांमध्ये यात आणखी भर पडायची. मान वळवल्यावर चित्र जरा उशिरा वळलं तरी शरीराला ते कळतं. चांगल्या हेडसेटमध्ये हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी ठेवायचा प्रयत्न असतो. २०१६ च्या ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटमध्येच चित्र सेकंदाला ९० वेळा नवं व्हायचं, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद. म्हणूनच मोबाइल आत सरकवायचा पुठ्ठ्याचा डबा, गुगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड नावाने आणला तसला, लावून बघून व्हीआरबद्दल मत बनवू नका. त्यात फक्त मान वळवलेली कळते. खरा हेडसेट तुम्ही वाकलात, पुढे झुकलात, पाऊल टाकलंत हेही ओळखतो. टेबलाखाली काय आहे ते बघायला वाकलात तर टेबलाखालचं दिसतं. फरक तिथे आहे.

आधी मॉलमधल्या गेम झोनमध्ये दहा मिनिटांचे पैसे देऊन एकदा अनुभव घ्या. रोलर कोस्टर सांगू नका, ते दुकानदार सगळ्यात आधी पुढे करतात आणि नव्या माणसासाठी त्याहून वाईट सुरुवात नाही. ज्यात तुम्ही एका जागी उभे आणि वस्तू तुमच्याकडे येतात, असं काहीतरी मागा.

घरी हेडसेट आल्यावर पहिले चार-पाच दिवस रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. कपाळावर घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, जांभया यायला लागल्या की तिथल्या तिथे काढायचा. "जरा सहन करून बघू, सवय होईल" हे इथे चालत नाही. एकदा जोरात मळमळलं की पुढच्या वेळी नुसता पट्टा डोक्याला लागला तरी पोट ढवळतं. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं आणि तिला परत सुरुवात करायला दोन महिने लागले. गेममध्ये चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन पोचायची सोय असेल तर सुरुवातीला तीच निवडा. आणि तो टेबल फॅन. चेहऱ्यावर एकाच बाजूने वारा येत राहिला की आपण खोलीत कुठल्या दिशेला तोंड करून आहोत याचं भान टिकतं, घामही कमी येतो. आलेपाकाची वडी जवळ असू द्या, माझ्या अनुभवात उपयोग होतो.

फिट येण्याचा त्रास असेल, पेसमेकर बसवलेला असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका. लहान मुलांसाठी कंपन्यांनी वयाची अट घातलेली असते. मेटाची अट १० वर्षांची आहे, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या अकाउंटवर. सोनीची प्लेस्टेशनच्या हेडसेटसाठी १२ वर्षांची. मूल कितीही मागे लागलं तरी ही अट पाळा.

पायरी ४: पहिल्या दिवशी घ्यायचा का?

माझं मत सांगते: भारतात कंपनीची अधिकृत विक्री आणि वॉरंटी असेल तरच. नसेल तर थांबा.

कारण आपल्याकडे पहिल्या दिवशी माल येईलच असं नसतं. ॲपलचा व्हिजन प्रो २ फेब्रुवारी २०२४ ला फक्त अमेरिकेत आला. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिकेत. मग इथे कोणीतरी बॅगेतून आणलेला माल चढ्या भावाने फिरायला लागतो आणि उतावळा माणूस तो घेतो. मीही मागे एका दुकानातून असाच आणलेला हेडसेट घेतला. बिल म्हणजे वहीच्या कागदावर लिहिलेली रक्कम, त्यावर सिरियल नंबर नाही. दोन महिन्यांत उजव्या कंट्रोलरची स्टिक आपोआप एका बाजूला सरकायला लागली. दुकानदार म्हणाला कंपनीला विचारा, कंपनीने विचारलं कुठल्या देशात घेतला. तो कंट्रोलर अजून कपाटात पडून आहे. तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि भारतात चालणारी वॉरंटी, या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर त्यांना मूळ बिल बरोबर ठेवायला सांगा आणि त्या वेळची कस्टमची मर्यादा आधी बघून घ्या. विमानतळावर त्यांना भुर्दंड पडायला नको. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना ते वाचा. असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर लागेल.

दुसरं, हेडसेटची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. ऑक्युलस रिफ्ट २८ मार्च २०१६ ला सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आला तेव्हा किंमत ५९९ डॉलर होती. पण त्याला गेमची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड, तेही जीटीएक्स ९७० या मॉडेलच्या तोडीचं, असलेला कॉम्प्युटर लागायचा आणि तो हेडसेटहून महाग पडायचा. सुटा भाग कमी पडला म्हणून आगाऊ नोंदणी केलेल्या कित्येकांना तारीख उलटून गेल्यावरही वाट पाहावी लागली. हातात धरायचे टच कंट्रोलर तर डिसेंबर २०१६ मध्ये आले; तोपर्यंत सोबत आलेल्या एक्सबॉक्सच्या गेमपॅडवर भागवायचं. म्हणून जाहिरात बघताना तीन प्रश्न विचारा. हा एकटा चालतो की कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन लागतं? खोक्यात कंट्रोलर आहेत का? गेम कुठल्या दुकानातून घ्यायचे आणि ते रुपयांत मिळतात का? कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायची वेळ आली तर मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जाऊन दोन-चार दुकानांत भाव विचारा, पण कार्डाचं मॉडेल घरूनच ठरवून जा.

अकाउंटचाही विचार आधी करा. क्वेस्ट २ ऑक्टोबर २०२० मध्ये आला तेव्हा फेसबुक अकाउंटशिवाय तो सुरूच होत नव्हता. ऑगस्ट २०२२ पासून त्याच्या जागी मेटाचं वेगळं अकाउंट आलं. या उपकरणाचे कॅमेरे तुमची खोली बघतात, काहींचे तर डोळ्यांची हालचालही टिपतात. कुठल्या गोष्टीला परवानगी देताय ते पहिल्या दिवशी घाईत 'पुढे, पुढे' न दाबता वाचा.

पायरी ५: वायफाय

कॉम्प्युटरशिवाय नुसता हेडसेट वापरणार असाल तर घरचं नेट पुरतं आणि हा भाग सोडून दिलात तरी चालेल. कॉम्प्युटरवरचा गेम तारेशिवाय हेडसेटमध्ये बघायचा असेल तर कॉम्प्युटर लॅन केबलने राउटरला जोडा, राउटर खेळायच्या खोलीतच ठेवा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर घ्या. उंच इमारतीत शेजारपाजारचे पंधरा-वीस राउटर एकमेकांवर बोलत असतात, त्यात २.४ गिगाहर्ट्झवर चित्र अडखळणारच. आणि अडखळलं की पुन्हा तिसरी पायरी.

पायरी ६: खोकं घरी आलं

त्याच संध्याकाळी पाहुणे बोलावू नका. आधी पूर्ण चार्ज करा, मग अपडेट घ्या. नव्या उपकरणाचं पहिलं अपडेट बऱ्याचदा काही जीबींचं असतं. मोबाइलचा डेटा वापरत असाल तर हे लक्षात ठेवा.

घालायची एक रीत आहे. पट्टा सैल करा, हेडसेट आधी चेहऱ्यावर टेकवा, मग मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, मानेच्या जरा वर बसवा. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं. ते गालांवर टांगलं तर वीस मिनिटांत गालांवर वळ उठतात. मागच्या उंचवट्यावर आणि कपाळावर पेललं तर तासभर जाणवत नाही. आता डोळ्यांसमोर बारीक अक्षरं असलेला एखादा मेनू ठेवा आणि हेडसेट हाताने किंचित वर-खाली करा. एका जागी अक्षरं लख्ख होतात. तिथे थांबा, मग पट्टा आवळा, मग भिंगांचं अंतर तुमच्या आकड्यावर आणा. बऱ्याच लोकांना चित्र धूसर दिसतं ते या दोन मिनिटांच्या आळसामुळे.

कंट्रोलरचे मनगटी पट्टे घाला. प्रत्येक वेळी. घामट हातातून सुटलेला कंट्रोलर बहुतेकदा टीव्हीच्याच दिशेने जातो.

पायरी ७: ऊन, घाम आणि पावसाळा

यातलं ऊन सगळ्यात महत्त्वाचं. भिंगं दोन्ही बाजूंनी काम करतात. खिडकीतून आलेलं ऊन भिंगावर पडलं की ते आतल्या पडद्यावर एका ठिपक्यात गोळा होतं आणि पडदा जळतो. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तसंच. थोडा वेळही पुरतो आणि तो डाग जात नाही. पश्चिमेच्या खिडकीत चार वाजताचं ऊन सोफ्यावर येत असेल तर हेडसेट सोफ्यावर पालथा टाकून चहा करायला जाऊ नका. काढला की लगेच भिंगांवर झाकण किंवा कापड.

घामासाठी चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमवर सिलिकॉनचं कव्हर घाला. जुलै २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोममुळे काही लोकांच्या त्वचेवर पुरळ आलं, तेव्हा कंपनीने काही काळ विक्री थांबवून ग्राहकांना सिलिकॉनची कव्हरं दिली. मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्ये तर फोम एका आठवड्यात वास मारायला लागतो. कव्हर रोज पुसा, भिंगं मात्र फक्त कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, मधून सुरू करून गोल गोल बाहेर. स्पिरिट, सॅनिटायझर, ओढणीचं टोक, काहीच नको.

जून ते सप्टेंबर हेडसेट उघड्यावर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या भिंगांना येते तशी बुरशी याही भिंगांना येऊ शकते. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वापर झाल्यावर घाम पूर्ण वाळला की मगच आत ठेवा. ओला ठेवलात तर डबा उलट नुकसान करेल.

घरातल्या मोठ्यांना दाखवताना

हे करायला मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आजी-आजोबांना उभं करू नका. हातांची खुर्ची द्या, पाय जमिनीला टेकलेले हवेत. कंट्रोलर हातात देऊ नका, पहिल्यांदा नुसतं बघू द्या. त्यांना काय दिसतंय ते तुम्हालाही दिसावं म्हणून चित्र टीव्हीवर किंवा मोबाइलवर घ्या, म्हणजे "इकडे बघ, तिकडे बघ" असं सांगता येतं. सुरुवातीला शांत दृश्य निवडा. माझ्या आईला मी समुद्राच्या तळाचं दाखवलं. मोठा मासा जवळून गेला तशी तिने साडी गोळा करून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मग हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवायला गेली. त्या वेळी तिचा दुसरा हात माझ्या हातात होता. तेवढं नक्की करा. आजूबाजूचं काही दिसत नसताना ओळखीच्या हाताचा स्पर्श फार धीर देतो.

पाच मिनिटं पुरे. काढायच्या आधी त्यांना डोळे मिटायला सांगा, मग पट्टा सैल करा आणि पुढून वर उचला. चष्मा आतच अडकून येतो, तो दुसऱ्या हाताने धरा. ट्यूबलाइटचा उजेड एकदम डोळ्यांवर येतो, म्हणून डोळे हळूहळू उघडायला सांगा. पाणी द्या. लगेच उठू देऊ नका.